मदत हवी आहे: घरांच्या बाबतीत समाजवाद कुठवर आणि बाजार कुठून?

नमस्कार मंडळी,

आमच्या लालबागच्या वाचनालयात 'समाजवाद आणि नियंत्रित भांडवलशाही यांचा मेळ' या विषयावर चर्चा आहे आणि सुरुवातीची मांडणी माझ्याकडे आली आहे. नेहरूंचं मिश्र अर्थकारण, १९९१चं उदारीकरण, स्वीडन-नॉर्वे यांवर बोलता येईल. पण ऐकायला येणारे बहुतेक चाळीत वाढलेले आहेत, म्हणून सगळा मुद्दा घरावर तपासायचं ठरवलं. तिथेच अडलेय.

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीला बांधली. गिरणी कामगार, कारकून या शहरात टिकले त्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे. माझे आजोबा त्यातलेच, त्यामुळे त्याला सरसकट चूक म्हणायला जीभ रेटत नाही. पण भाड्यातून मालकाचा दुरुस्तीचा खर्चही सुटेना. इमारती खचत गेल्या, १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, लावावा लागला. शिवाय जागा हातबदल होताना पागडीचे, म्हणजे भाड्याच्या जागेचा हक्क मिळवण्यासाठी एकरकमी मोजायचे पैसे रोखीने फिरत राहिले. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ भाडंच इतकं कमी की चार टक्क्यांनी काय होणार?

याला समाजवाद म्हणायचं का, हा माझा पहिला प्रश्न. गरजूला छप्पर देणं ही सगळ्या समाजाची जबाबदारी मानली, आणि पावती फाडली एकेका घरमालकाच्या नावाने.

झोपडपट्टी पुनर्वसनाची १९९५ची योजना बाजाराच्या वाटेने गेली. बिल्डरने झोपडीधारकांना फुकट घर बांधून द्यायचं, बदल्यात जादा एफएसआय (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) घेऊन विक्रीची इमारत उभी करायची. तिजोरीला थेट झळ नाही. पण मग जिथे जमिनीला भाव तिथेच बिल्डरला रस. आणि पुनर्वसनाच्या इमारती काही ठिकाणी इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. म्हणजे इथे किंमत राहणाऱ्यांनी हवा-उजेडात मोजली.

दोन्ही टोकांना सरकारने स्वतः फारसं काही खर्चलं नाही, असं मला दिसतं. तोल बिघडतो तो इथे, असं मांडायचा विचार आहे. हे टिकेल का? खोडून काढा, चालेल.

दुसरं, नियम टिकवायचे कसे? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाला (राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला), एक मालकाला. मला हे नियंत्रित भांडवलशाहीचं चांगलं उदाहरण वाटतं, कारण मालकालाही मिळतं आणि शहरालाही. पण २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराच्या पदरात पडणारी जमीन आटली. परळ-लालबागमधून चालताना मला याचा अजूनही राग येतो. असा नियम एका दुरुस्तीने हलू नये यासाठी इतर देशांत काय व्यवस्था असते?

तिसरं, कायद्याच्या जाणकारांसाठी. मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींवरून सुरू झालेल्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही काही 'समाजाचं भौतिक साधन' (सर्वांच्या हितासाठी ज्याचं वाटप व्हावं असं राज्यघटना म्हणते ते) होत नाही. साधनाचं स्वरूप, त्याचा टंचाईशी संबंध, ते मोजक्या हातांत एकवटल्याचा समाजावरचा परिणाम, हे पाहून ठरवायचं. हे निकष मुंबईतल्या जमिनीला लावले तर निष्कर्ष काय निघेल? मला तर टंचाईचा निकष इथे पुरेपूर लागू पडतो असं वाटतं, पण मी वकील नाही.

व्हिएन्ना महापालिकेच्या स्वतःच्या भाड्याच्या घरांबद्दल आणि सिंगापूरच्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या घरांबद्दल मराठीत वाचायला काही असेल तर सुचवा, नसेल तर इंग्रजीही चालेल. तिथे जमीन आधी सरकारने हातात घेतली, एवढं कळलंय. पैसा कसा उभा केला ते नीट समजून घ्यायचं आहे.

आणि इथे कुणी पागडीच्या इमारतीचे मालक किंवा त्यांच्या घरचे असतील तर कृपया लिहा. भाडेकरूंची बाजू मी घरातच ऐकत आले, तुमची फारशी ऐकलेली नाही.