टोपी घाला ना सिस्टर

मालिकेतली नर्स एकतर ट्रे धरून उभी, नाहीतर डॉक्टरवर डोळा ठेवून, असं म्हणतात ते पटतं. पण बातम्यांमध्ये तरी नर्सचं खरं चित्र दिसतं, असंही म्हणतात, ते नाही पटत. माझी वहिनी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूला आहे, सतरा वर्षं. एका परिचारिका दिनाला लोकल चॅनलवाले आले. ही स्क्रबमध्ये, म्हणजे आयसीयूतल्या साध्या सदरा-पँटमध्ये. "टोपी घाला ना सिस्टर, नर्स वाटत नाही." टोपी तिथे कित्येक वर्षांत कोणी घातलेली नाही, शेवटी ट्रेनिंगच्या एका मुलीची मागून आणली. मग जनरल वॉर्डात नेऊन एका आजोबांच्या कपाळावर हात ठेवायला लावला. आजोबा हर्नियाचं ऑपरेशन होऊन घरी निघालेले, ताप ना काही! व्हेंटिलेटर कसा चालतो हे विचारलं ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला. तो चार महिन्यांपूर्वी लागलेला, त्याला वहिनीनेच शिकवलेलं. तिला प्रश्न एकच: "घर आणि ड्यूटी कसं जमवता?"

परिचारिका दिन १२ मेला, म्हणजे आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या वाढदिवसाला. त्यांचंही तेच, चित्रात कायम हातात दिवा. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आलेख काढून दाखवलं. तो आलेख कुठल्या पोस्टरवर पाहिलाय कोणी? वहिनीची क्लिप आमच्या घरच्या ग्रुपवर आली तेव्हा खाली पट्टी होती, 'सेवेची माऊली'. पद लिहिलंच नव्हतं. आयसीयूची इन्चार्ज आहे ती.