मदत हवी आहे: मुलाच्या गेमबरोबर माझं फेसबुकही गेलं (बेळगाव)

शहापूरची_आई

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते, पतसंस्थेत कामाला आहे. गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

मुलगा नववीत आहे. तीन वर्षांपूर्वी बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम लावून दिला तेव्हा तो अकराचा होता आणि फेसबुकला तेरा पूर्ण लागतात. मग गेम माझ्याच फेसबुकला जोडला. म्हणजे माझ्या फ्रेंडलिस्टीत एकीकडे बिशीच्या बायका आणि दुसरीकडे ह्याचे गेममधले दोस्त.

काल रविवारी संध्याकाळी त्याच्या अनगोळच्या मित्राकडून मेसेंजरवर आलं: "नमस्कार मित्रा, कृपया माझ्या संघासाठी तुमचे मत द्या. मतदान करणाऱ्यास ६०० यूसी मोफत मिळतील." (यूसी म्हणजे गेममधले पैसे.) खाली लिंक. उघडली तर गेमचं चित्र आणि 'फेसबुकने लॉगिन करा' असं बटण. ह्यानं माझा नंबर आणि पासवर्ड घातला.

मी भाकऱ्या थापत होते, हात पिठात. आतून ओरडला, "आई, तुझ्या मोबाइलवर आकडे आलेत, सांग लवकर!" मोबाइल ओट्यावरच होता. मान वाकडी करून मी सहाच्या सहा आकडे वाचून दाखवले. आकड्यांच्या पुढेच 'कुणालाही सांगू नका' असं होतं, ते मी रात्री वाचलं.

दहा मिनिटांत गेम बंद पडला, तासाभरात फेसबुकही. रात्री साडेदहाला संकेश्वरहून जाऊबाईंचा फोन, "पैसे पोचले काय गं?" माझ्या नावानं कुणीतरी दोन हजार मागितले होते आणि त्यांनी बिचाऱ्यांनी पाठवलेही.

आता मेसेज परत वाचला की स्वतःलाच हसू येतंय. ते पोरगं आजवर "काय करूलालास बे, ये की लवकर" ह्यापलीकडे काही लिहीत नाही. 'कृपया' आणि 'संघ' त्याच्या बोटांतून कुठून येणार!

फेसबुक परत मिळेल काय? गेमचं काय करायचं? खाऊच्या पैशातून यूसी घेतलेत त्यानं, कालपासून जेवलेला नाही नीट. आणि पोलिसांत जायचं तर सगळं कन्नडात लिहून द्यावं लागतं काय?

खानापूरचा_तंत्रज्ञ

ताई, पैशाचं आधी. जाऊबाईंना सांगा, आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे त्यांच्या खात्यातून गेले, म्हणून फोन त्यांनीच करायचा. व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवून ठेवायची शक्यता जास्त. पुढे गेली की गेली.

आता फेसबुक. मोबाइल रिसेट करू नका आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून प्रयत्न करू नका. रोज वापरता तोच मोबाइल, घरचंच नेट. ओळखीचं उपकरण दिसलं तर काम सोपं जातं. आधी जीमेलचा पासवर्ड बदला, कारण फेसबुकला लावलेला पासवर्डच तिथंही असणार (असतोच, लाजू नका). मग जीमेलमध्ये 'फेसबुकमेल डॉट कॉम'वरून आलेली मेल शोधा. 'तुमचा ईमेल बदलला' असं त्यात असेल आणि 'हे मी केलं नाही' म्हणायची सोय तिथंच असेल. मेल नसेल तर ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा: फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड.

आत शिरलात की लॉगिन असलेली सगळी उपकरणं काढून टाका, अनोळखी ईमेल आणि नंबर पुसा, मग नवा पासवर्ड. कालचा आकडा त्यांनी कसा वापरला ते मुलालाही सांगा. ते पान नुसतं पासवर्ड साठवत नव्हतं. तुम्ही तिथं जे भरत होता ते त्याच क्षणी खऱ्या फेसबुकवर भरलं जात होतं, म्हणून तर तुमच्या मोबाइलवर खरा कोड आला. कोड खरा आला म्हणून पान खरं, असं पोरांना वाटतं. फसतात ते तिथंच.

हेडशॉट_निपाणी

काकू आयडी गेला समजा. टेलिग्रामवर एक जण आहे, पाचशेत काढून देतो. नाहीतर नवीन आयडी विकत घ्या, स्वस्तात मिळतात.

खानापूरचा_तंत्रज्ञ

भावा, हा 'काढून देणारा' पाचशे घेतो, वर तुझाही पासवर्ड मागतो. आणि आयडीची खरेदी-विक्री नियमात बसत नाही. विकणारा उद्या मूळ मालक म्हणून तोच आयडी परत मागेल. तो चोरीचा नाही कशावरून?

ताई, गेमच्या मदत विभागात लिहा. मुलाचा कॅरेक्टर आयडी लागेल, तो त्याला किंवा टीममधल्या पोरांना माहीत असतो. आणि यूसी घेतल्याच्या गूगल प्लेच्या पावत्या जोडा, 'जीपीए'नं सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो त्यावर. पावत्या मेलमध्येच सापडतील.

चिकोडीची_बाई

शाळेत संगणक शिकवते, म्हणून पत्त्याबद्दल थोडं. मुलं पत्ता सुरुवातीपासून वाचतात आणि 'बीजीएमआय' दिसलं की खूश. वाचायचं असतं, सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचं. 'बीजीएमआय डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असेल तर मालक अमुकतमुक. घराच्या पाटीवर पाहुण्याचं नाव लिहिलं म्हणून घर पाहुण्याचं होत नाही.

दुसरी खूण मला जास्त आवडते. मोबाइलमध्ये पासवर्ड साठवलेला असेल तर खऱ्या पानावर तो आपोआप पुढे येतो. नकली पानावर येत नाही, कारण मोबाइल पत्ता बघतो, चित्र बघत नाही.

हेडशॉट_निपाणी

आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकायचा. घेतला तर पान नकली. आम्ही असंच बघतो.

चिकोडीची_बाई

काही नकली पानं पहिल्यांदा मुद्दाम 'चूक' दाखवतात, बाळा. मग तू खरा टाकतोस.

हेडशॉट_निपाणी

🙏

खानापूरचा_तंत्रज्ञ

पोलिसांचं राहिलं. बेळगावात सीईएन ठाणं आहे, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे एकत्र बघतात. पण आधी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरा, इंग्रजीत चालते. तिचा नंबर जपून ठेवा. दुसऱ्याचा पासवर्ड असा फसवून वापरणं आयटी कायद्याच्या ६६सी कलमात बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गेमचाच आयडी गेला म्हणून तक्रार किरकोळ समजू नका.

शहापूरची_आई

फेसबुक आलं! मेलमधल्या त्या सोयीनंच आलं. आत बघते तर न पाहिलेल्या गावाचा मोबाइल लॉगिन होता, काढून टाकला. जाऊबाईंनी १९३० ला कळवलं, तक्रारीचा नंबर मिळालाय, पैशाचं अजून नक्की नाही. गेमवाल्यांना पावत्यांसकट लिहिलंय.

अनगोळच्या पोराच्या आईशी बोलले. त्याचंही असंच गेलंय, गुरुवारी. घरी मार बसेल म्हणून गप्प होतं लेकरू. म्हणून मी शाळेच्या ग्रुपवर सगळा प्रकार टाकला, 'ही लिंक उघडू नका' म्हणून लिंकसकट.

चिकोडीची_बाई

ताई, लिंक काढा आधी! फोटो टाका तिचा, बोट लावलं तरी उघडणार नाही असा.

शहापूरची_आई

काढली. तोवर दोघांनी उघडली होती. त्यांच्या आयांना फोन लावतेय.