थंडीत प्राणी मोठे, तर मग हत्ती उष्ण प्रदेशात कसा?

माळावरची (प्रश्न)

मी पुण्यातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. एकाच जातीचे उष्ण रक्ताचे प्राणी थंड प्रदेशात आकाराने मोठे आणि उष्ण प्रदेशात लहान आढळतात, हा बर्गमनचा नियम परवा मी वर्गात समजावून सांगितला. उदाहरण म्हणून सासवडकडच्या माळरानावरचा लांडगा घेतला, कारण काही मुलांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला आहे. आपला लांडगा अंगाने सडपातळ, साधारण 20 किलोंच्या आसपास भरणारा, आणि अलास्कातला त्याचाच भाऊबंद 40 किलोंच्याही वर जाणारा, एवढे सांगून मी फळ्याकडे वळले, तोच मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मग हत्ती आपल्याकडे कसा?" तो अपवाद आहे, असे म्हणून मी पुढचा भाग शिकवायला घेतला, परंतु घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिले. तिला नीट उत्तर द्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घनफळ

मॅडम, हत्तीला अपवाद म्हणण्याची गरजच नाही, कारण ही तुलना हत्ती आणि लांडगा यांच्यातली नव्हेच. कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्ये हा विचार मांडला तो जवळच्या नात्यातल्या प्राण्यांविषयी, आणि पुढे तो मुख्यतः एकाच जातीच्या निरनिराळ्या प्रदेशांतल्या प्राण्यांना लावला जाऊ लागला. त्याचा तर्क सरळ भूमितीचा होता. घनाची बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट होते. उष्णता शरीराच्या साऱ्या घनफळात तयार होते व त्वचेवाटे बाहेर जाते, त्यामुळे प्राणी जितका मोठा तितकी दर किलो वजनामागे बाहेर जाणारी उष्णता कमी.

हाच हिशोब उलट वाचला तर हत्तीची खरी अडचण दिसते. एवढ्या मोठ्या देहातली उष्णता बाहेर काढायची कशी? त्याच्या कानांच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि कान हलवून तो त्यातले रक्त थंड करतो. जोएल अ‍ॅलन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने 1877 मध्ये म्हटले होते की, थंड प्रदेशात कान, शेपूट, पाय असे अवयव आखूड होत जातात. केसाळ मॅमथचे कान आजच्या हत्तींच्या मानाने फारच लहान होते, अंगाने मात्र तो आजच्या आफ्रिकी हत्तीपेक्षा मोठा नव्हता. तुमच्या विद्यार्थिनीला ही जोडी अवश्य दाखवा.

वाघनख

वरील उत्तर योग्य आहे, तरीही उष्णतेच्या हिशोबावर एवढा भार टाकणे मला पटत नाही. सुंदरबन आणि कान्हा ही दोन्ही जंगले जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. असे असूनही सुंदरबनात मोजलेल्या वाघिणींची वजने 80 किलोंच्या आसपास भरली, आणि मध्य भारतातली वाघीण सहज 100 किलोंच्या वर जाते. सुंदरबनात खारफुटी, चिखल आणि भरती-ओहोटी यांत मिळणारे भक्ष्य म्हणजे प्रामुख्याने चितळ व रानडुक्कर. कान्ह्यात याखेरीज बारशिंगा, सांबर आणि गवा आहेत. दुसरीकडे तराईतले नर वाघ अंगाने सैबेरियाच्या वाघांच्या तोडीचे असतात, आणि तराईत काही सैबेरियाची थंडी पडत नाही. पोटाला काय आणि किती मिळते, हा प्रश्न अक्षांशाच्या आधी विचारावा, असे माझे मत आहे.

उपासाचाही विचार करावा लागतो. वजन वाढते त्या प्रमाणात शरीराचा दैनंदिन खर्च वाढत नाही, तो कमी वेगाने वाढतो. म्हणून साठवलेल्या चरबीवर मोठा प्राणी अधिक दिवस काढू शकतो. जिथे वर्षातले काही महिने अन्नाची वानवा असते, तिथे मोठे शरीर टिकण्याला ही गोष्ट थंडीइतकीच कारणीभूत असू शकते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पक्ष्यांच्या सुमारे 72 टक्के आणि सस्तन प्राण्यांच्या सुमारे 65 टक्के जातींत बर्गमनचा कल दिसून आला. म्हणजे कल खराच आहे. त्याचे कारण एकच आहे, असे मुलांना सांगू नये, एवढीच विनंती.

पाणकावळा

थोडी भर घालतो. शिकागोत इमारतींवर आदळून मेलेले पक्षी तिथल्या फील्ड म्युझियममध्ये वर्षानुवर्षे जमा केले गेले. 1978 ते 2016 या काळातल्या 52 जातींच्या 70 हजारांहून अधिक पक्ष्यांची मोजमापे तपासली, तेव्हा पायाचे हाड सुमारे 2.4 टक्क्यांनी आखूड झालेले आणि पंख सुमारे 1.3 टक्क्यांनी लांब झालेले आढळले. अभ्यासकांनी आकार घटण्याचा संबंध वाढत्या तापमानाशी जोडला आहे. नकाशावर उत्तर-दक्षिण दिसणारा फरक इथे चाळीस वर्षांत, एकाच शहरात दिसला.

माळावरची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मी दोन बटाटे उकडून वर्गात नेले, एक लिंबाएवढा आणि एक मुठीपेक्षा मोठा. दोन्ही एकाच वेळी पाण्यातून काढून ताटलीत ठेवले. लहान बटाटा मुले हातात धरू लागली तेव्हा मोठ्याला बोट लावणेही सोसवत नव्हते. एवढ्यावर थांबायचे मी ठरवले होते, परंतु हत्तीचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने पुन्हा पाण्यात गरम केलेला लहान बटाटा स्वतःच्या लोकरी टोपीत गुंडाळला आणि मोठा तसाच उघडा ठेवला. तासाच्या शेवटी टोपीतला बटाटा अधिक गरम निघाला. तिचे म्हणणे असे की, अंगावर दाट केस असतील तर मोठे व्हायची गरजच काय? याचे उत्तर मला देता आले नाही आणि या वेळी मी तसे वर्गात सांगितले.

घनफळ

मॅडम, अलास्कात आर्क्टिक प्राण्यांवर प्रयोग केलेल्या शोलँडर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1955 मध्ये बर्गमनच्या नियमावर नेमका हाच आक्षेप घेतला होता. आकारातल्या किरकोळ फरकाने उष्णतेची जी बचत होते, तिच्यापेक्षा केसांच्या जाडीने होणारी बचत कितीतरी अधिक असते, असे त्याचे म्हणणे होते. आक्षेपाला मर्यादाही आहे. उंदराएवढ्या प्राण्याला हवे तेवढे लांब केस अंगावर बाळगता येत नाहीत, त्याचे चालणेच थांबेल. त्यामुळे बारक्या प्राण्यांच्या बाबतीत आकाराचा मुद्दा उरतोच. पुढच्या तासाला तिला तीच टोपी एखाद्या वाटाण्याभोवती गुंडाळायला सांगा आणि तो वाटाणा चालला असता का, हे विचारा.