ब्लेंडेड व्हिस्की म्हणजे भेसळ का? नक्की बनवतात कशी?

रानपाखरू: सिंगल माल्टवाल्यांचं (एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की पिणाऱ्यांचं) बोलणं ऐकलं की वाटतं ब्लेंडेड स्कॉच म्हणजे चांगल्या मालात स्वस्त दारू घालून वाढवलेली. मला हे पटत नाहीये. नक्की काय मिसळतात, आणि दर बाटलीची चव तीच कशी राहते?

जुनंपिंप: भेसळ हा शब्द आधी डोक्यातून काढा. त्यात दोन जातीच्या व्हिस्की असतात. एक माल्ट, म्हणजे बार्लीला मोड आणायचे, ते वाळवायचे (पीटच्या, म्हणजे दलदलीत तयार झालेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवले तर तो धुरकट वास शेवटपर्यंत राहतो), भरडून गरम पाण्यात साखर उतरवायची, यीस्ट टाकून आंबवायचं आणि तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, बहुतेक ठिकाणी दोनदा गाळायचं. दुसरी ग्रेन, ती गहू किंवा मक्याची, जोडीला थोडी माल्ट बार्ली, उंच कॉलम स्टिलमधून सलग निघते आणि चवीला बरीच हलकी. पण ग्रेनलासुद्धा स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं काढावीच लागतात, त्यामुळे कच्चं स्पिरिट ओतून वाढवली वगैरे अजिबात खरं नाही.

धुकं_१८६०: वरच्या प्रतिसादाशी सहमत. तो कॉलम स्टिल एनियस कॉफीने १८३० मध्ये पेटंट केला, म्हणून त्याला कॉफी स्टिल म्हणतात, पेयाशी संबंध नाही. एडिंबराच्या अँड्र्यू अशरने १८५३ च्या सुमारास वेगवेगळ्या वयाचे माल्ट एकत्र करून विकले, मग १८६० च्या कायद्याने कर भरायच्या आधी गोदामातच माल्ट आणि ग्रेन मिसळायला परवानगी मिळाली आणि तिथून ब्लेंडिंग खरं फोफावलं. ग्रेनला व्हिस्की म्हणायचं का यावर तर पुढे रॉयल कमिशन, म्हणजे ब्रिटिश सरकारची चौकशी समिती, बसलं, १९०९ मध्ये निकाल ग्रेनच्या बाजूने लागला.

जुनंपिंप: चवीचं राहिलंच. ते सगळं नाकावर चालतं! ब्लेंडर प्रत्येक पिंपातला नमुना ट्यूलिपसारख्या निमुळत्या ग्लासात घेतो, पाणी घालून साधारण २० टक्क्यांवर आणतो म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही आणि दडलेले वास मोकळे होतात, आणि मग नुसता हुंगतो, पीत बसत नाही. शेजारी शेजारी ठेवलेली दोन पिंपं, एकाच दिवशी भरलेली, तरी वेगळी निघतात कारण लाकूड वेगळं, आधी त्यात शेरी (स्पेनची वाइन) होती की बर्बन (अमेरिकन व्हिस्की) तेही वेगळं. म्हणून ठरलेला फॉर्म्युला डोळे झाकून चालत नाही, एखादा माल्ट संपला तर दुसऱ्या दोन-तीनांतून तोच परिणाम साधावा लागतो. माझ्या मते खरं कसब इथेच आहे. मिसळल्यावर काहीजण परत पिंपात काही महिने मुरू देतात, त्याला मॅरीइंग म्हणतात, मग पाणी घालून ४० टक्के किंवा त्याहून थोडं वर ठेवून बाटलीत.

रानपाखरू: वा, मस्त समजलं. मग लेबलवरचं १२ वर्षं म्हणजे सरासरी वय का?

धुकं_१८६०: नाही, सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं. त्यात २० वर्षांचं एखादं पिंप असलं तरी आकडा १२ च येणार. आणि हे ग्रेनलाही लागू.