रविवारी ‘चांगली बातमी’ पोरांच्या बोलीत सांगू द्यावी का?

धागा सुरू करणारा (शहापूर, बेळगाव):
आमच्या चर्चच्या मंडळीत दोन महिन्यांपासून रविवारची उपासना संपायच्या आधी पाच मिनिटं मुलांना देतो. आठवड्यातली एक चांगली बातमी त्यांनी उभं राहून सांगायची, घरी बोलतात तशीच. गेल्या रविवारी तिसरीतली एक पोरगी म्हणाली, “आमची आज्जी काठीबिगर मोरीपतोर चालत गेली की!” सगळ्या बाकांवर आनंद पसरला. बाहेर पडल्यावर मात्र दोघातिघांनी मला बाजूला घेतलं. देवाच्या घरात असली भाषा आणि असल्या बातम्या नकोत म्हणाले.

मला तर हव्यात असं मनापासून वाटतं. येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलातल्या पुस्तकांना आपण ‘शुभवर्तमान’ म्हणतो, त्यातलं वर्तमान म्हणजे बातमीच की, वर्तमानपत्रातलं वर्तमान. आजच्या मुलांना विचारलं तर ती भूत-वर्तमान-भविष्य सांगतात. शब्द रोज तोंडात आहे, त्यातली बातमी हरवली. कन्नड शेजारी ‘सुवार्ते’ म्हणतात, त्यांना निदान वार्ता ऐकू येते. आणि लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, येशूच्या जन्माची बातमी सगळ्यांत आधी कुणाला कळली? रात्री कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना. ते गेले, बाळ बघितलं आणि भेटेल त्याला सांगत सुटले.

निवृत्त शिक्षिका, कॅम्प:
माझा विरोध आहे. पोरीच्या आज्जीला नाही, देव तिला आणखी चालवो. पण मी आयुष्यभर मराठी शिकवली आणि माझी नातवंडं कन्नड आणि इंग्रजी शाळेत जातात. पुस्तकातलं मराठी ती मोठ्याने वाचतात ते आठवड्यातून एकदाच, उपासनेत. सांत्वन, करुणा, नीतिमत्त्व हे शब्द त्यांना दुसरीकडे कुठे भेटणार आहेत? ‘काय करुलालास’ ही आपली बोली गल्लीत आहे, घरात आहे, ते कुठेही जात नाही. जाणार आहे ते दुसरं. बंगालातल्या सेरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्यांनी १८११ साली मराठी नवा करार मोडीत छापला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी शेवटची कितीतरी वर्षं खर्ची घातली. एवढ्या कष्टाने मिळालेली भाषा आपण आपल्या हाताने सैल करायची का?

येळ्ळूरकर:
बाई, रमाबाईंचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. त्यांनी नवं भाषांतर हाती घेतलं तेच मुळी खेड्यातल्या, न शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. अवघड संस्कृत शब्द टाळून साधी मराठी हवी, हा त्यांचा ध्यास होता. तुमचा दाखला आमच्याच बाजूने साक्ष देतो.

आणि बोलीची लाज कशाला? येशूच्या अटकेच्या रात्री अंगणात लोकांनी त्याच्या शिष्याला, पेत्राला, ओळखलं ते त्याच्या बोलण्यावरून, त्याचा गालीली हेल लपला नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षांच्या मुलीला प्रभू ‘तलीथा कूम’ म्हणतात. सगळं ग्रीकमध्ये लिहिताना लिहिणाऱ्याने ते दोन शब्द मात्र घरच्या अरामीत तसेच ठेवले. मला तरी ते वाचताना आमच्या घरातलं ‘ऊठ गे बाय’ ऐकू येतं.

खानापूरकर:
आमच्याकडे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, कोकणीत असते, तिथे शुभवर्तमानाच्या वाचनाला ‘वांजेल’ म्हणतात. तो पोर्तुगीज शब्द, आम्हांलाही त्यात बातमी ऐकू येत नाही. १९५३ साली बेळगावचा धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आम्ही गोव्याच्या धर्मप्रांताखालीच होतो, त्यामुळे ही भाषा सोबत आली. पण याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे ११ हजार ओव्या, ग्रंथाला शोभेल असं मराठी, आणि मध्ये मध्ये लोकांच्या तोंडची कोकणी. दोन्ही एका ओवीत बसतात हे चारशे वर्षांपूर्वी दिसलेलं आहे. इथे भांडण कशावर चाललंय ते मला नीट कळेना.

निपाणीहून:
भाषेवर माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं बातम्यांवर आहे. आमच्या मंडळीतही असा प्रयोग झाला. एका रविवारी पोरांनी ओळीने सांगितलं: पहिला नंबर आला, नवी गाडी आली, मावशीला मुलगा झाला. तिसऱ्या बाकावर एक बाई बसली होती. तिचा तरुण मुलगा महिन्याभरापूर्वी गेला होता. ती उठली आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेलो, पण काय बोलावं सुचलं नाही.

मेंढपाळांना मिळालेली बातमी त्या बाईसाठीही होती. नव्या गाडीची बातमी तिच्यासाठी नव्हती. एकीला बातमी आणि दुसरीलाही बातमीच म्हटलं की मुलं दोन्ही एका मापाने मोजायला लागतात. ज्याच्या घरी आठवडाभर काहीच चांगलं घडलं नाही त्या पोराने उभं राहून काय सांगायचं? आणि मोठ्यांना उपकार सांगायचे असतील तर साक्ष देण्याची रीत आपल्यात आहेच.

धागा सुरू करणारा:
निपाणीच्या दादा, तुमचं वाचून काल रात्री बराच वेळ जागा होतो. नंबर आणि गाडी या बातम्या मीही थांबवेन. पण साक्ष मोठी माणसं देतात, ठरलेल्या शब्दांत. पोरं गप्पच बसतात. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा-घटप्रभेला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीने भाकऱ्या करून पाठवल्या. कुणाच्या घरात किती पीठ मळलं ते आजही पोरं सांगतात. ती बातमी कुणाला उठून बाहेर जायला लावणार नाही.

बाई, वाचनाला हात लावणार नाही, ते पुस्तकातल्याच मराठीत होईल. उलट वाचणाऱ्या मुलाने शनिवारी तुमच्याकडे येऊन तालीम करावी, अशी विनंती आहे.

निवृत्त शिक्षिका, कॅम्प:
शनिवारी चार वाजता पाठवा. येताना ‘येशू म्हणाला’ की ‘येशू म्हणाले’ हे ठरवून या. घरी ‘आजोबा म्हणाले’ म्हणणारं पोर तिथे दर वेळी अडखळतं.

येळ्ळूरकर:
बाई, ‘म्हणाला’च ठेवा. आम्ही विठोबालाही अरे म्हणणाऱ्यांच्या शेजारी वाढलो. परका असतो त्याला अहो.

निपाणीहून:
माझा विरोध कायम आहे. पुढच्या रविवारी मी बेळगावला येतोय. तुमच्या तिसऱ्या बाकावर बसेन आणि ती पाच मिनिटं ऐकेन. मग पाळकांशी बोलेन.