चर्चा: समुद्राचा आवाज चित्रातून शिकवावा का?

नववीची बाई
नववीच्या ध्वनीच्या धड्यात सोनार (SONAR) येतो, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर काढायची पद्धत. सूत्र पोरं घडाघडा म्हणतात, पण सोलापुरातल्या माझ्या वर्गात समुद्र पाहिलेली मुलं थोडीच. यंदा हंपबॅक देवमाशाचं गाणं ऐकवलं आणि ग्राफ पेपरवर काढायला लावलं: आडवी वेळ, उभी वारंवारता, आवाज मोठा तिथं चौकट गडद. एका मुलीचे वडील जेकार्ड मागावरच्या चादरींची डिझाइनं ग्राफवर काढतात. तिच्या कागदावर एकच नक्षी पुन्हा पुन्हा आली, ती सगळ्या वर्गाला दिसली. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे या संशोधकांनी १९७१ मध्ये ध्वनीच्या आलेखांवरून हीच पुनरावृत्ती दाखवली होती. चित्रकलेच्या तासाला जोडून हे प्रत्येक शाळेत सक्तीचं करावं, असं माझं मत.

पेठेतला क्लासवाला
मॅडम, माझा विरोध आहे. तिनं वर-खाली काढलं ते किती हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती कंपनं? निळ्या देवमाशाचा आवाज बराचसा २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे कानाला जेमतेम. तो चित्रात येणारच नाही. डेसिबलचं तर त्याहून वाईट. ज्या दाबाशी तुलना करून डेसिबल काढतात तो संदर्भदाब हवेत २० मायक्रोपास्कल, पाण्यात १. ते आकडे नुसते शेजारी ठेवले की पोरं 'देवमासा विमानापेक्षा मोठ्यानं ओरडतो' असं लिहून मोकळी. पोस्टर सुंदर होतं, भौतिकशास्त्र निसटतं.

टॉवेल-चादर
ग्राफला नुसतं चित्र म्हणू नका, सर. एक चौकट चुकली की चादरीवरचा मोर मोडतो.

होटगी रोडकर
समुद्रच कशाला? आपला हिप्परगा तलाव आहे की! १८२६ मध्ये कोलाडाँ आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा जाळ केला, आणि लांबच्या नावेतून ऐकून वेग काढला: सेकंदाला १४३५ मीटर. गोड्या पाण्यातच.

नववीची बाई
वेग मोजायला तलाव पुरेल. पण आवाज वाकतो कसा, ते दाखवायला समुद्राची खोली लागते. वर पाणी गरम, म्हणून वेग जास्त. खाली थंडावतं तसा घटतो, आणखी खोल दाबामुळे परत वाढतो. बऱ्याच समुद्रांत साधारण एक किलोमीटर खोलीवर तो सर्वांत कमी असतो. आवाज कमी वेगाकडे वळतो आणि त्या पट्ट्यात अडकून हजारो किलोमीटर जातो. १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळ सोडलेला आवाज अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्हीकडे ऐकू आला. हे फळ्यावर दोनदा सांगितलं, पोरं कोरीच. तिसऱ्यांदा रंग दिले: वेग जास्त तिथं लाल, कमी तिथं निळा, आता आवाजाची रेघ ओढा. मागच्या बाकावरचा म्हणाला, 'बाई, गाडीचं एक चाक वाळूत शिरलं की गाडी तिकडंच वळते, तसं!'

डेसिबलची चूक माझ्याही वर्गात झाली, सर. यापुढे अक्षावर हर्ट्झ आणि संदर्भदाब नसेल तर चित्र घेणार नाही.

पेठेतला क्लासवाला
वाळूचं उदाहरण मी क्लासमध्ये वापरीन. सक्तीला मात्र विरोध कायम. जिथं चित्रकलेला शिक्षकच नाही, तिथं हे काम विज्ञानाच्या एकट्या बाईंच्या अंगावर पडेल, आणि त्या पोस्टरवरच भागवतील.

नववीची बाई
सक्ती हा शब्द मागे घेते. शनिवारी शाळेत या, मुलांचे हर्ट्झ तुम्ही तपासा.

टॉवेल-चादर
डिझाइनच्या ग्राफचे कोरे कागद कारखान्यात पडून आहेत. किती पाठवू, बाई?