कांद्याची फोनसेवा दुधाला लावायची आहे, कोड कॉपी करू का?

निफाडकर
फोनवर बोलून बाजारभाव विचारायची सोय दोन वर्षांपूर्वी मी केली. पीक, बाजार समिती, तारीख विचारते, भाव सांगते. आता दूध संघाला तसंच हवंय : सभासद क्रमांक सांगायचा, फॅट आणि रक्कम ऐकायची. कोड उघडला तर 'समजलं नाही, पुन्हा सांगा' एकतीस ठिकाणी! कॉपी करून नावं बदलू का?

जुनं_खोड
नको रे बाबा. वीजबिलाची सेवा मी अशीच पाणीपट्टीला लावली होती. एकीकडे दुरुस्त केलेली चूक दुसरीकडे तशीच राहायची, आणि रात्री फोन मलाच.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रेव्हनक्लॉ (२००३) या बोलक्या सेवा बांधायच्या चौकटीची विभागणी उचल. कामाचं झाड वेगळं : काय सांगायचं, काय विचारायचं, डेटाबेस कधी गाठायचा. माणूस गप्प बसला, ऐकू नीट आलं नाही, 'परत सांगा' म्हणाला, 'लासलगावच ना?' असं विचारून खात्री करायची, हे सगळं इंजिनात, एकदाच. पिट्सबर्गच्या बसची माहिती देणारी 'लेट्स गो' त्यावरच चालायची. व्हॉइसएक्सएमएल (फोनवरचा संवाद लिहायची भाषा) वापरत असशील तर नोइनपुट (माणूस गप्प), नोमॅच (बोलणं समजलं नाही) मूळ दस्तऐवजात लिही, बाकीची पानं तिथून घेतात.

रात्रपाळी
इंजिन होईल हो. आम्हाला मराठीनं रडवलं. '[पीक]चा भाव' असा साचा होता. सोयाबीन, टोमॅटोपर्यंत ठीक. कांदा घातला आणि बाई 'कांदाचा भाव' म्हणायला लागली. त्यात कांदा आला, मिरची आली, द्राक्षं आली. आता प्रत्येक शब्दाशेजारी सामान्यरूप, लिंग, वचन ठेवतो. आकड्यांचं व्याकरणही, म्हणजे आकडे कसे बोलले तर ओळखायचे ते, वेगळ्या फाइलीत काढा. भाव लोक 'साडेबाराशे' म्हणतात, फॅट 'चार पॉइंट दोन'.

निफाडकर
माझ्याकडे साचाच नाही, प्रत्येक पिकाचं अख्खं वाक्य बहिणीच्या आवाजात आहे. भाव पन्नासच्या पटीतच सांगतो, म्हणून आकडेही मोजके. दुधाची रक्कम काहीही येणार. आणि बहीण लग्न होऊन नगरला गेली.

जुनं_खोड
दिवाळीला येईल ना? शून्य ते नव्व्याण्णव सगळे म्हणवून घे. एकोणसाठ काही नऊ आणि पन्नास जोडून होत नाही. आणि प्रत्येक आकडा दोनदा : एकदा वाक्याच्या मध्ये, एकदा शेवटी. चाल वेगळी लागते.